गाजराचा जागर का होत नाही? अक्षरांची अदलाबदल आणि आपलं डोकं

‘कविता’ची अक्षरं हलवली की ‘विकता’ होतं. ‘कपडा’चं ‘पकडा’, ‘सराव’चा ‘रावस’, ‘वसंत’चा ‘संवत’. एका शब्दातली सगळी अक्षरं वापरायची, एकही जास्त नको की कमी नको, आणि त्यातून दुसरा अर्थपूर्ण शब्द उभा करायचा. या खेळाला ॲनाग्रॅम म्हणतात.

आता ‘गाजर’ घ्या. त्याचा ‘जागर’ होईल का? कानाला वाटतं, का नाही होणार? ग, ज, र आणि एक आ, एवढेच आवाज दोन्हीकडे आहेत. पण कागदावर मांडून बघा. गाजर म्हणजे गा-ज-र आणि जागर म्हणजे जा-ग-र. ‘ग’चा काना सोडवून ‘ज’ला चिकटवल्याशिवाय हे जमत नाही, आणि असा काना सुटा करणं आपल्याकडे चालत नाही. का चालत नाही, हे कुणी शिकवलेलं नसतं. तरी दहा वर्षांचं पोरसुद्धा ‘हे चीटिंग आहे’ म्हणेल. मराठी वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘गा’ ही एकच वस्तू असते, ‘ग’ अधिक ‘आ’ अशा दोन नव्हे.

शब्दखेळांची खरी गंमत मला इथे वाटते. नुसता खेळ म्हणून ते बरेच आहेत, पण भाषा डोक्यात कुठे कुठे जोडलेली आहे ते सांधे त्यांच्यातून दिसतात. माणूस शब्द जिथे मोडतो तिथेच तो जोडलेला असतो.

इंग्रजीत सांधा वेगळ्या जागी आहे. तिथे स्वरसुद्धा स्वतंत्र अक्षर, त्यामुळे ‘लिसन’ या शब्दाची सहा अक्षरं उलटसुलट करून ‘सायलेंट’ होतो. उच्चारांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, पण स्पेलिंगच्या दृष्टीने हिशेब चोख. शिवाय इंग्रजीचा सगळा संसार २६ अक्षरांत चालतो. मोजकीच अक्षरं आणि लांब लांब स्पेलिंगं, त्यामुळे दोन शब्दांत नेमकी तीच अक्षरं येण्याची शक्यता पुष्कळ. आपल्या बाराखडीत बारा खुणा आणि तीसेक व्यंजनं धरली तरी साडेतीनशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. आणि रोजचे शब्द दोन, तीन, फार तर चार अक्षरांचे. सात वेगवेगळी अक्षरं ५,०४० प्रकारे मांडता येतात, तीन अक्षरं फक्त सहा प्रकारे. सहा मांडण्यांत कोडं कसलं दडवणार? म्हणून ॲनाग्रॅम हा इंग्रजी, फ्रेंच, लॅटिनचा हुकमी खेळ झाला आणि आपला जीव दुसऱ्या प्रकारांत रमला. त्याकडे पुढे येतोच.

मांडण्या मोजण्याचं गणित मात्र आपल्याकडे जुनं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. त्यात विचारलंय की शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल करून धरली तर किती निरनिराळ्या मूर्ती होतील? उत्तर ३६,२८,८००. त्याच श्लोकात विष्णूच्या चार हातांचा प्रश्न आहे, शंख, चक्र, गदा, पद्म. उत्तर २४. संध्या करताना केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतात, त्या चोवीस मूर्तींमध्ये फरक आयुधांच्या क्रमाचाच असतो. म्हणजे ॲनाग्रॅमच, फक्त अक्षरांच्या जागी आयुधं. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि सात स्वरांच्या ५,०४० मांडण्यांपैकी अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, हे थेट काढायची रीत दिली. आजही काही गवई मेरुखंड नावाने हाच रियाज करतात.

आता मानसशास्त्राकडे. तिथे ॲनाग्रॅमचा उपयोग गेली कित्येक दशकं प्रयोगशाळेतलं साधन म्हणून होतो. कारण सोपं आहे. उत्तर एकच असतं, वेळ सेकंदांत मोजता येतो आणि कोडं हवं तेवढं अवघड करता येतं. १९५८ साली मेझनर आणि ट्रेसेल्ट या दोघांनी दाखवलं की उत्तराचा शब्द रोजच्या वापरातला असेल तर तो लवकर सापडतो, आणि अक्षरं जितकी जास्त विस्कटलेली तितका वेळ जास्त लागतो. यात नवल नाही. नवल पुढच्या निष्कर्षात आहे. विस्कटलेली अक्षरं स्वतःच एक अर्थपूर्ण शब्द असतील, तर कोडं जास्त जड जातं. ‘वसरा’ दिलं तर ‘सराव’ पटकन सुचेल. ‘रावस’ दिलं की डोळ्यांपुढे मासाच येतो, आणि तो बाजूला होईपर्यंत ‘सराव’ दिसत नाही. वाचता येणाऱ्या माणसाला शब्द न वाचणं जमत नाही, आणि एकदा अर्थ लागला की डोकं ती अक्षरं सुटी करायला नाखूश असतं.

उत्तर सुचतं कसं, हाही एक प्रश्न. कधी आपण एकेक मांडणी तपासत जातो. कधी तसं काहीच न करता उत्तर एकदम समोर उभं राहतं आणि ते बरोबर असल्याची खात्रीही त्याच क्षणी होते. जॉन कूनिओस आणि मार्क बीमन या अमेरिकन संशोधकांनी या ‘एकदम’चा पिच्छा पुरवला. त्यांच्या २००४ च्या प्रयोगात तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधायचा होता. उत्तर अचानक सुचल्याचं लोक सांगत, तेव्हा त्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, वेगवान लहरींचा एक झटका दिसला. नंतर त्यांनी ॲनाग्रॅम वापरले. कोडं हातात पडण्याआधी, माणूस नुसता बसलेला असतानाच्या मेंदूलहरींत फरक दिसला: उत्तरं झटक्यात सुचणारे आणि पायरी-पायरीने काढणारे यांची विश्रांतीसुद्धा सारखी नव्हती.

पण ॲनाग्रॅमचा सगळ्यात गाजलेला उपयोग निराळाच आहे. माणसाला हरवण्यासाठी.

१९७५ साली डोनाल्ड हिरोटो आणि मार्टिन सेलिग्मन यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींना असा कर्कश आवाज ऐकवला की जो बटण दाबून बंद करता येत होता. काहींना तसाच आवाज, पण काहीही केलं तरी बंद न होणारा. आणखी काहींना ज्यांना उत्तरच नाही अशी कोडी. नंतर सगळ्यांपुढे ॲनाग्रॅम ठेवले, सुटण्यासारखे. शिवाय ते सगळे एकाच क्रमाने विस्कटलेले होते, म्हणजे क्रम लक्षात आला की पुढचे भराभर सुटावेत. आधी ज्यांचं काही चाललं नव्हतं ते इथेही मागे पडले. त्यांना तो क्रम लक्षात यायलाही उशीर लागला. याला ‘शिकलेली असहायता’ म्हणतात.

याचं एक वर्गातलं रूप अमेरिकेतल्या एका प्राध्यापिकेच्या व्हिडिओमुळे जगभर पोचलं आहे. सगळ्यांना तीन शब्दांची चिठ्ठी मिळते. एकेक शब्द सोडवायचा आणि झाला की हात वर करायचा. अर्ध्या वर्गाच्या चिठ्ठीवर ‘बॅट’, मग ‘लेमन’. बॅटचा ‘टॅब’ होतो, लेमनचा ‘मेलन’, सोपं. उरलेल्या अर्ध्यांना गुपचूप असे दोन शब्द दिलेले असतात की ज्यांचा ॲनाग्रॅम होतच नाही. पहिल्या शब्दाला अर्धे हात वर, दुसऱ्यालाही अर्धेच. बाकीचे इकडेतिकडे बघायला लागतात. तिसरा शब्द मात्र सगळ्यांना एकच, ‘सिनेरामा’. त्याचं उत्तर ‘अमेरिकन’. पहिल्या अर्ध्यांचे हात वर होतात, दुसऱ्यांपैकी बहुतेकांचे नाही. तीच मुलं, तोच शब्द. पाच मिनिटांपूर्वी त्यांच्यात काही फरक नव्हता.

हे बघितलं की प्रश्नपत्रिकेत पहिलेच दोन प्रश्न मुद्दाम अवघड घालणाऱ्या परीक्षकांना तो व्हिडिओ पाठवावासा वाटतो. मात्र एक दुरुस्तीही सांगायला हवी. २०१६ मध्ये स्टीव्हन मायर आणि सेलिग्मन यांनी स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. मेंदूतल्या यंत्रणेचा अभ्यास झाल्यावर त्यांचं म्हणणं असं पडलं की त्रास लांबला की गप्प होऊन बसणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. व्हिडिओत जे दिसतं ते तसंच राहतं, कारण सांगायची दिशा बदलते.

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरणारा मजकूरही इथेच निकालात काढू. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही असली तरी वाचता येतात, असं केंब्रिजच्या संशोधनात आढळलं म्हणे. २००३ साली हा मजकूर फिरायला लागला तेव्हा केंब्रिजमधल्याच मॅट डेव्हिस या संशोधकाला खुलासा करावा लागला की असं संशोधन आमच्याकडे झालेलं नाही. मूळ धागा सापडला तो ग्रॅहॅम रॉलिन्सनच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या १९७६ च्या प्रबंधात, आणि ‘कशीही’ हे काही खरं नाही. मराठीत करून बघा: ‘रवाविरी बाराजात भाजी महाग होती.’ वाचता आलं. पण नीट पाहिलं तर विस्कटलेत दोनच शब्द, तेही शेजारची दोन अक्षरं बदलून. ‘भाजी’ला मधलं अक्षरच नाही, ‘महाग’ला एकच आहे. आणि ‘बाराजात’चा शेवटचा ‘त’ जागेवर असल्यामुळे कुठे, ते कळून गेलंय. तो प्रत्यय हलवून ‘बातजारा’ करा, मग वाचा.

डोक्याला अक्षरांत अर्थ शोधायची एवढी हौस असते की नसलेला अर्थही सापडतो. याची सर्वांत मजेदार गोष्ट खगोलशास्त्रातली आहे. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी दिसलं. शोध पक्का व्हायच्या आधी जाहीर करावा तर चूक ठरण्याची भीती, गप्प बसावं तर दुसरा कुणी श्रेय घेऊन जाईल. त्या काळी शोध छापणारी वैज्ञानिक नियतकालिकं नव्हती. त्याने ‘सर्वांत उंच ग्रह मला तिहेरी दिसला’ असं लॅटिन वाक्य लिहिलं, त्याची ३७ अक्षरं विस्कटली आणि तो गोळा पत्रातून प्रागला पाठवून दिला. पुढे वाद झालाच तर वाक्य उघडायचं आणि आपण आधी पाहिल्याचं सिद्ध करायचं.

प्रागमध्ये होता खगोलशास्त्रज्ञ केप्लर. त्याला कुठला धीर धरवतोय! पृथ्वीला एक चंद्र, गुरूला नुकतेच चार सापडलेले, मग मधल्या मंगळाला दोन असणार, हे त्याच्या मनात पक्कं. त्याने अक्षरं जुळवत जुळवत एक लॅटिन ओळ काढली. लॅटिन जरा ओढूनताणून होतं, पण अर्थ निघत होता: मंगळाच्या जुळ्या अपत्यांना नमस्कार. गॅलिलिओने खरं वाक्य उघड केलं तेव्हा केप्लरचं उत्तर साफ चुकलेलं निघालं. आणि १८७७ मध्ये असाफ हॉलने मंगळाचे चंद्र शोधले ते नेमके दोन. कोडं चुकीचं सोडवून खरं उत्तर मिळालं, निव्वळ योगायोगाने. गॅलिलिओला दिसलेलं ‘तिहेरी’ म्हणजे शनीची कडी होती, त्याच्या दुर्बिणीला ती नीट दिसत नव्हती. कडीचा उलगडा हायगेन्सने केला, आणि त्यानेही १६५६ मध्ये आधी ॲनाग्रॅमच छापला, अर्थ उघडला १६५९ मध्ये. स्प्रिंगचा ताण आणि बल यांचा नियम शाळेत ज्याच्या नावाने शिकलो त्या हूकनेही १६७६ मध्ये तो असाच गुंडाळून ठेवला होता.

इंग्लंडमध्ये लेडी एलिनॉर डेव्हीज नावाच्या बाईंना स्वतःच्या माहेरच्या नावात ‘रिव्हील, ओ डॅनिअल’ हे शब्द सापडले. म्हणजे बायबलमधल्या डॅनिअलप्रमाणे भविष्य सांगण्याची आज्ञा आपल्याला झाली आहे, अशी त्यांची खात्री. राजाबद्दलची भाकितं छापली म्हणून १६३३ मध्ये त्यांच्यावर धार्मिक न्यायालयात खटला चालला. पंडितांनी शास्त्राधार देऊन वाद घातला, बाई ढिम्म. शेवटी सर जॉन लॅम्ब यांनी कागद ओढला, ‘डेम एलिनॉर डेव्हीज’ या नावाची अक्षरं फिरवली आणि मोठ्याने वाचून दाखवलं, ‘नेव्हर सो मॅड अ लेडी’. न्यायालय हसलं. बाईंच्या ॲनाग्रॅममध्ये एका अक्षराची ओढाताण होती, लॅम्ब यांच्या उत्तरात स्पेलिंगची थोडी मुभा होती. दोघांनाही आपापलं उत्तर नावातच होतं असं वाटत होतं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, कारण आधुनिक भाषाशास्त्राचा पाया घालणारा फेर्दिनां द सोस्यूरही यात अडकला. जिनिव्हात संस्कृत शिकवणाऱ्या या माणसाने १९०६ पासून दोन-तीन वर्षं वह्यांमागून वह्या भरल्या. जुन्या लॅटिन कवितांत देवांची आणि वीरांची नावं अक्षरांत विखरून लपवलेली आहेत, असं त्याला दिसू लागलं. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताकडेही त्याचं लक्ष गेलं: अग्निम्, अग्निः, अग्निना, अग्ने, जणू नाव चालवून दाखवलंय. ऋग्वेदातलं तरी उघड आहे, कुणालाही दिसेल. पण बाकी ठिकाणी नावं जास्तच सापडायला लागली. कुठलाही उतारा घ्यावा, नाव हजर. मग हे कवीने लपवलं की वाचणाऱ्याने काढलं? त्याने एका हयात कवीला, इटलीच्या जोव्हान्नी पास्कोली यांना, पत्र लिहून विचारलं की तुम्ही हे जाणूनबुजून करता का. समाधानकारक उत्तर मिळालं नाही आणि सोस्यूरने वह्या मिटल्या. हयातीत त्यातलं काही छापलं नाही. १९७१ मध्ये स्तारोबिन्स्कींच्या पुस्तकातून ते लोकांपुढे आलं. सोस्यूरबद्दल मला आदर वाटतो तो इथे जास्त: सापडतंय म्हणून आनंदून न जाता, फारच सापडतंय म्हणून त्याला शंका आली.

साहित्यात ॲनाग्रॅमचा सोपा उपयोग टोपणनावांसाठी झाला. फ्रेंच लेखक फ्रान्स्वा राबलेने १५३२ मध्ये स्वतःच्या नावाची अक्षरं फिरवून ‘आल्कोफ्रिबास नाझिए’ नाव घेतलं. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंने साल्वादोर दाली या चित्रकाराच्या नावातून ‘आव्हिदा डॉलर्स’ काढलं, पैशाला हपापलेला या अर्थाने, आणि ते त्याला चिकटलं. हॅरी पॉटरमधल्या टॉम मार्व्होलो रिडलच्या नावातून ‘आय ॲम लॉर्ड व्होल्डेमॉर्ट’ निघतं. भाषांतरकारांची यात पंचाईत झाली. फ्रेंचमध्ये त्याचं नावच बदलून ‘टॉम एल्विस जेदुझॉर’ करावं लागलं, ‘मी व्होल्डेमॉर्ट’ हे फ्रेंचमध्ये निघावं म्हणून.

आपल्याकडच्या पंडितांचा खेळ याहून कितीतरी दांडगा. संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा एक कुमार आपली हकीकत सांगतो. प्रियेने ओठ चावल्यामुळे ओठ दुखतायत, म्हणून त्याच्या सबंध कथनात प, फ, ब, भ, म नाहीत. बंधनाला कथेतच कारण दिलंय, ही दंडीची हुशारी. मोरोपंतांनी मराठीत हाच प्रकार ‘निरोष्ठ रामायणा’त केला. रामायण आणि ओठांना ओठ लागू द्यायचा नाही, म्हणजे ‘म’ बाद, म्हणजे खुद्द ‘राम’ हे नावच बाद! परंपरा म्हणते त्यांनी १०८ रामायणं रचली. इतकी झाल्यावर माणूस स्वतःला अशा अटी घालून घेणारच.

पण माझ्या मते या सगळ्यांत मानाचं पान द्यायला हवं ते दैवज्ञ सूर्यकवींना. सोळाव्या शतकातले हे ज्योतिषी-गणिती गोदाकाठच्या पार्थपुरचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे. यांचं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सरळ वाचलं की रामाचं, उलटं वाचलं की कृष्णाचं. पहिलाच श्लोक बघा:

तं भूसुतामुक्तिमुदारहासं वन्दे यतो भव्यभवं दयाश्रीः ।
श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम् ॥

पहिली ओळ अक्षरं सुटी करून लिहा: तं-भू-सु-ता-मु-क्ति-मु-दा-र-हा-सं, वं-दे-य-तो-भ-व्य-भ-वं-द-या-श्रीः. आता शेवटून सुरुवात करा: श्री-या-द-वं-भ-व्य-भ-तो-य-दे-वं, सं-हा-र-दा-मु-क्ति-मु-ता-सु-भू-तं. हीच दुसरी ओळ. शेवटचा विसर्ग तेवढा सोडून द्यायचा. पहिल्या ओळीत भूसुतेला, म्हणजे सीतेला मुक्त करणारा राम आहे. दुसरीत जीव घ्यायला आलेल्या पूतनेलाही मुक्ती देणारा यादव. ‘मुक्ति’ हा शब्द दोन्हीकडे तसाच राहिलाय, कारण मु-क्ति-मु हे तीन अक्षरांचं तुकडं उलटलं तरी तेच. कवीने श्लोकाची बिजागरी तिथे बसवली आहे. आणि ‘क्ति’ हे जोडाक्षर मोडलेलं नाही. रोमन लिपीत लिहिलं तर हा श्लोक उलटा वाचताच येणार नाही.

याच सूर्यकवींनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये टीका लिहिली आणि ‘लीलावती’वरही. म्हणजे शंकराच्या आयुधांच्या ३६ लाख मांडण्या मोजणारं प्रकरण या माणसाच्या हाताखालून गेलेलं होतं. त्याच डोक्यातून हा श्लोक निघाला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

मम्मटासारख्या काव्यशास्त्रज्ञांनी अशा रचनांना तिसऱ्या पंक्तीत बसवलं. व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ नाही, म्हणून अवर, म्हणजे खालच्या दर्जाचं काव्य. तक्रार खोटी नाही. ‘भव्यभतोयदेवं’चा अर्थ लावताना टीका हाताशी नसली तर घाम फुटतो. रसिकांनी त्याला कविता म्हणावं असा माझा आग्रह नाही. कसरत म्हणून ती अव्वल आहे आणि कसरतीला दाद द्यायला कुणाची हरकत नसावी. शाळेतल्या ‘चिमा काय कामाची’, ‘ती होडी जाडी होती’, ‘भाऊ तळ्यात ऊभा’ आणि सगळ्यांचा लाडका ‘तो कवी डालडा विकतो’ या तिच्याच गल्लीतल्या. ‘चिमा’ आणि ‘कामाची’मध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा काणाडोळा करावा लागतो, तो आपण खुशाल करतो. काना हलवायला जो नकार देतो तोच माणूस वेलांटी उलटी फिरवायला तयार होतो, कारण ‘चि’ आणि ‘ची’ बोलताना शेवटी सारख्याच होतात.

मराठीचा खरा हातखंडा मात्र शब्द कुठे तोडायचा यात आहे. श्लेषाचं हे उदाहरण शाळेत सगळ्यांनी घोकलंय:

ते शीतलोपचारें जागी झाली हळूच मग बोले
औषध नलगे मजला, परिसुनि माता बरें म्हणुनि डोले

मूर्च्छा आलेली दमयंती शुद्धीवर येऊन म्हणते, ‘औषध नल गे मजला’. अगं, माझं औषध म्हणजे नल. आईला ऐकू येतं, ‘औषध न लगे मजला’. औषध नको म्हणते, म्हणजे बरं वाटतंय, म्हणून आई मान डोलावते. मुलगी खोटं बोलली नाही, आईने चुकीचं ऐकलं नाही. दोन्ही वाक्यांचे आवाज हुबेहूब सारखे. रुक्मिणीचं ‘शिशुपाल नवरा मी नवरी’ तसंच: नवरी म्हटलं तर होकार, ‘न वरी’ म्हटलं तर साफ नकार.

हे शक्य होतं कारण बोलण्यात शब्दांच्या मध्ये फटी नसतात. त्या आपलं डोकं घालतं. आणि शब्दाला दोन अर्थ असले तर क्षणभर दोन्ही जागे होतात. डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये हे मोजलं. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि चोरून ऐकायचं यंत्रही. वाक्य उघडउघड किड्यांबद्दलचं असलं तरी तो शब्द कानावर पडल्या पडल्या हेरगिरीचा अर्थही मनात जागा झालेला आढळला. दोन-तीन अक्षरं पुढे गेल्यावर नको असलेला अर्थ विझला होता. कोटी करणारा माणूस हा विझू पाहणारा अर्थ पकडून धरतो. म्हणून कोटी लगेच करावी लागते. तीच मिनिटाने केली की लोक फक्त बघतात. फ्रॉइडने १९०५ च्या विनोदावरच्या पुस्तकात कोटीमागे दडपलेली इच्छा पाहिली. त्याचं आवडतं उदाहरण जर्मन कवी हायनेच्या एका पात्राचं: बडा सावकार रोथशिल्ड माझ्याशी अगदी ‘फॅमिलिऑनॅर’ वागला, म्हणजे घरच्यासारखा, पण लक्षाधीशाने वागावं तसा. दडपलेल्या इच्छेचं जाऊ द्या, पण दोन शब्द एकात घुसवून टोमणा मारायची ही रीत आपल्या कट्ट्यांवर रोज चालते.

जीभ घसरते तेव्हा मात्र सांधा बदलतो. घाईत ‘तूप-साखर’ म्हणताना कुणी चुकलं तर ‘सूप-ताखर’ म्हणेल, ‘साप-तूखर’ बहुधा नाही. नुसती व्यंजनं जागा बदलतात, स्वर जिथल्या तिथे राहतात. म्हणजे तोंड ‘तू’ला त आणि ऊ असं सुटं हाताळतं. अशा चुका मुद्दाम घडवून आणायचे प्रयोगही १९७० च्या दशकात अमेरिकेत झाले. तिथे दिसलं की घसरून खरा शब्द तयार होत असेल तर जीभ जास्त वेळा घसरते, निरर्थक शब्द होणार असेल तर कमी. कुणीतरी आत बसून बाहेर पडणारं बोलणं तपासत असतं.

आणि मुलांची च ची भाषा. पहिलं अक्षर उचलून शब्दाच्या शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा: ‘मला भूक लागली’चं ‘चलाम चकभू चगलीला’. तरबेज पोरं मोठ्यांसमोर बिनधास्त या भाषेत भांडतात, तेही नेहमीच्या वेगाने. इथे उचललं जातं ते अख्खं अक्षर, मात्रेसकट. जोडाक्षर आलं तरी अडत नाही, ‘प्रकाश’चं सरळ ‘चकाशप्र’ होतं, ‘प्र’ फोडायचा विचारही कुणी करत नाही. अडचण होते एकाक्षरी शब्दांची. ‘मी’चं ‘चमी’, ‘तू’चं ‘चतू’, ‘हो’चं ‘चहो’. मागे टाकायला दुसरं अक्षरच नसतं, त्यामुळे शेजारी बसलेल्या आजीला सगळ्या भांडणातून नेमकं कोण कोणाला बोलतंय तेवढं बरोबर कळतं.